हार घातलेलं यंत्र

पेशंट कितीही ओळखीचा असो, मेश्रामताई त्याला नाव विचारायच्याच. "तुम्ही अमुकच ना?" असं नाही. "नाव सांग वं बाई. नवऱ्याचं सांग, गाव सांग." समोरची वैतागायची, "काल तं सांगतलं, ताई!" "कालचं काल झालं. आज सांग." मग तिचं थोडं रक्त बाटलीतल्या रक्ताशी जुळवून पाहायच्या, जुळलं तरच बाटली वॉर्डात जायची. धंतोलीतल्या एका दवाखान्यात त्या रक्ततपासणीच्या डॉक्टर होत्या आणि मी त्यांच्या हाताखाली. भारी रागीट बाई! पण त्या असताना दवाखान्यात निर्धास्त वाटायचं.

ऐंशीच्या दशकात मोठ्या डॉक्टरांनी कम्प्युटर आणला. त्याला थंडगार खोली, दाराबाहेर चपला काढायच्या. दसऱ्याला झेंडूचा हार, हळदकुंकू. तो उघडायचा गुप्त शब्द म्हणून डॉक्टरांनी आपल्या कुलदेवीचं नाव ठेवलं आणि सगळ्यांना सांगूनही टाकलं, तेवढंच देवीचं नाव घेतलं जाईल म्हणे! म्हणजे कोणीही बसावं, काहीही खोडावं, काहीही लिहावं. ताई म्हणाल्या, "एकदा हार घातला ना, मंग त्याले जाब विचारता येत नाही." डॉक्टर नुसते हसले.

ताई भाचीच्या लग्नाला गेल्या असताना काटोलची एक बाळंतीण आली. रक्तस्राव थांबेना. मागच्या बाळंतपणाची नोंद कम्प्युटरात होती. रक्तगट छापून निघाला, 'बी'. मी जुळवून पाहायला घेतलं, तर डॉक्टरांनी माझ्या हातातली बाटली ओढली. "छापून आलं ना? आता काय पाहून राहिली?"

बाई गेली.

ताईंनी त्याच संध्याकाळी परत आल्याबरोबर, मी जुळवायला घेतलेलं तिचं रक्त तपासलं. 'ओ'. मागच्या वेळीही त्यांनी 'ओ'च लिहून दिलं होतं. 'बी' कोणी केलं? सगळेच त्या एका नावाने आत शिरणारे, कोणाला धरणार?

"कम्प्युटरची चूक झाली, ताई," डॉक्टर म्हणाले. "नवऱ्याला काही बोलू नका. बाळंतपणात होतं असं."

"कम्प्युटरची? मंग टाका त्याले जेलात!" ताई कडाडल्या आणि तडक व्हरांड्यात गेल्या. नवरा टॉवेलात गुंडाळलेलं बाळ घेऊन बसला होता. "तुही बायको बाळंतपणानं नाही गेली गा. आम्ही चुकीचं रक्त देलं तिले. पोलिसात जाय, मी साक्ष देते."

पोलीस आले. डॉक्टरांनी त्यांच्यासमोर कम्प्युटरातली नोंद छापून काढली. 'ओ'! तेवढ्यात कोणीतरी पुन्हा बसून गेलं होतं. कोण? पुन्हा कोणीच नाही. 'बी' छापलेला कागद आणि ती बाटली तोवर नाहीशी, माझं कोण ऐकणार? ताईच खोट्या ठरल्या, त्यांची नोकरी गेली. हरामखोर सगळे! आजही ते आठवलं की माझं डोकं फिरतं.

पुढे ताई दुसऱ्या दवाखान्यात अखेरच्या दुखण्यात पडल्या. मी शेजारी बसून होते. नर्स बाटली घेऊन आली, चिठ्ठी वाचली आणि सुई पुढे केली. ताईंनी हात चादरीखाली ओढून घेतला.

"नाव विचार."

"आजी, लिहिलंय ना इथं."

"तिचंही लिहिलंच होतं. मले विचार."

पोरगी माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "विचार बाई." तिने विचारलं. ताईंनी धापा टाकत नाव सांगितलं, बापाचं सांगितलं, गाव सांगितलं, आणि मगच हात बाहेर काढला.