पायमशीनवरून सायकलवर

कालव्यावरच्या पुलाच्या मध्यावर वन्सं थांबल्या, कठड्याला टेकल्या आणि त्यांनी एका पायातली चप्पल काढली. टाचेला फोड आला होता.

"अजून किती राहिलंय गं?"

मी सहसा खोटं बोलत नाही, पण तेव्हा अंतर थोडं कमी करून सांगितलं. "अर्धं झालं असेल."

खरं तर अर्धं व्हायला पूल उतरून बेकरीचा चौक गाठायला हवा होता. वन्संनी माझ्याकडे नुसतं बघितलं. शिलाईत कुठं एखादा टाका सुटला असेल तर त्या असंच बघतात.

आम्ही काही फिरायला निघालो नव्हतो. नव्या कारखान्याच्या फाटकापासून आमच्या घरापर्यंत पायी चाललो होतो, कारण रोज एवढं चालून कामावर जाता येईल का, हे वन्संना स्वतःच्या पायांनी बघायचं होतं. फोडाने उत्तर दिलंच होतं.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. पन्नाशी उलटलेली, अंगाने काटक, बोलायला फटकळ. लग्न झालं नाही. का झालं नाही, ते विचारायची आमच्या घरात पद्धत नाही. आईवडील लवकर गेले आणि ह्यांना त्यांनी शिवणकामावर वाढवलं, शिकवलं. दवाखान्यांचे गणवेश शिवायचा कारखाना, तिथं त्या कोवळ्या वयात लागल्या त्या लागल्याच. आता तिथं सगळ्या जणी मोटारीच्या मशीनवर शिवतात, पण वन्संचं जुनं पायमशीन अजून खिडकीपाशी असतं. डॉक्टरांच्या कोटाच्या कॉलरी त्यांच्याच हातच्या. नवीन मुलगी कामाला आली की आधी त्यांच्या शेजारी बसते, आणि त्या "जा आता" म्हणतील तेव्हाच तिला स्वतःचं मशीन मिळतं. सगळ्या त्यांना मास्तरीणबाई म्हणतात.

तो कारखाना आता शहराच्या दुसऱ्या टोकाला चालला होता. काम सकाळी सातला सुरू होणार, आणि आमच्या बाजूची पहिली बस तिथं पोचेपर्यंत साडेसात. मालकीणबाई मनाने चांगल्या. त्या म्हणाल्या, "मास्तरीणबाई, तुमचं मशीन मी घरी पाठवते. कॉलरी कापून धाडत जाईन, घरबसल्या शिवा. आता कशाला दगदग?"

ह्यांना ते फार आवडलं. मलाही, खरं सांगते, बरं वाटलं होतं. वन्सं मात्र दोन दिवस धड जेवल्या नाहीत. मग भांडी घासताना एकदम म्हणाल्या, "घरी बसून शिवलं की मी कोण गं? कॉलरवाली. तिथं मी मास्तरीण आहे."

तर पुलावर त्या फोड बघत उभ्या होत्या आणि शेजारून एक गृहस्थ सायकलवरून गेले. देह म्हणजे काय सांगू, पोट हँडलला टेकलेलं. तोंडाने शीळ घालत, मजेत. चढावर जरासुद्धा न थांबता पूल ओलांडून दिसेनासे झाले.

वन्सं बराच वेळ त्या दिशेला बघत राहिल्या. मग चप्पल घालत म्हणाल्या, "ह्या माणसाला स्वतःचे पाय दिसत नसतील. तरी चाललाय."

घरी पोचल्यावर पाणीसुद्धा न पिता जिन्याखाली वाकल्या आणि माझ्या लेकीची सायकल ओढून बाहेर काढली. लेक नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेल्यापासून ती तिथंच पडून होती. कोळिष्टकं, गंज, दोन्ही चाकं बसलेली.

हे वर्तमानपत्रातून डोकं काढून म्हणाले, "ताई, ह्या वयात हाडं मोडून घेणार आहेस का?"

"हाडं माझी आहेत. तू तुझ्या केसांची काळजी कर. राहिलेत तेवढ्यांची."

दुसऱ्या दिवशी आम्ही सायकल कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे नेली. त्याने चाकं फिरवून बघितली. "आजी, कुणासाठी करायची?"

"आजी कुणाला म्हणतोस? माझ्यासाठी."

"मग मावशी म्हणतो."

"बाई म्हण आणि सीट खाली कर. माझे पाय जमिनीला टेकले पाहिजेत."

बंद गोदामामागे एक सिमेंटचं पटांगण आहे, तिथं आमची शाळा सुरू झाली. मी सीट धरायची, वन्संनी पाय मारायचे. पहिल्याच दिवशी घोळ झाला. आयुष्यभर पायमशीन चालवलेली बाई! तिथं पाय पुढं-मागं, पुढं-मागं हलतात. वन्संनी पेडलवर पाय ठेवले आणि तसंच सुरू केलं. अर्धा फेरा पुढं, अर्धा मागं. सायकल जागची हलेना.

"पूर्ण फिरवा, वन्सं! गोल!"

"गोलच फिरवतेय!"

"झोका देताय तुम्ही!"

कपड्यांचाही प्रश्न होता, कारण काहीही घातलं तरी साखळीत अडकायचं. तो त्यांनी एका संध्याकाळी सोडवला. स्वतःसाठी पँट बेतली, गुडघ्यात सैल, घोट्याशी आवळ. घालून बाहेर आल्या तर हे म्हणाले, "सर्कस कधी आहे?" वन्सं म्हणाल्या, "तुला पहिल्या रांगेचं तिकीट देते." पण त्या पँटची शिलाई अशी होती की मी उलटीसुलटी करून बघितली, आतली बाजू कुठली आणि बाहेरची कुठली ते कळेना.

हळूहळू पाय गोल फिरू लागले. मी सीट सोडली ते त्यांना कळलंही नाही. पटांगणाला फेऱ्या घालू लागल्या. वाटलं, जमलं. पण एक गोष्ट काही केल्या जमेना. थांबणं. थांबायची वेळ आली की वन्सं उजवीकडे पडायच्या. दर वेळी उजवीकडेच. कोपर सोललं, गुडघा सोलला, पँटला ठिगळ लागलं. ब्रेक बदलून आणला, सीट आणखी खाली केली. तरी तेच.

शेवटी सायकलवाला दुकान बंद करून स्वतः बघायला आला. भिंतीला टेकून त्याने दोनदा त्यांचं पडणं बघितलं आणि विचारलं, "बाई, थांबताना तुमचा उजवा हात कुठं जातो?"

"जातोय कुठं? हँडलवर तर असतो."

"नाही. काहीतरी शोधता तुम्ही तिथं."

मग मीही नीट बघितलं. आणि हसू आलं, इतकं की खाली बसले. थांबायच्या क्षणी वन्संचा उजवा हात हँडल सोडून बाजूला, जरा खाली जायचा आणि तळवा हवेत हलकेच टेकायचा. ही खूण मी लग्न होऊन आल्यापासून रोज बघत आले होते. पायमशीन थांबवायचं म्हणजे उजवीकडच्या चाकावर तळहात ठेवायचा. मशीनचं चाक तिथं असतं. सायकलला तिथं नुसती हवा.

"हसतेस काय?"

मी सांगितलं. त्यांनी स्वतःचा तळहात वर करून बघितला, जणू तो दुसऱ्याच कुणाचा आहे.

"इतकी वर्षं ह्या हाताने मशीन थांबवलंय गं," त्या म्हणाल्या. "मी सांगायच्या आधीच तो जातो. त्याला कसं समजवू?"

हात हँडलला फडक्याने बांधून घ्यायचं त्यांच्या मनात होतं. मी साफ नाही म्हणाले. "पडलात तर सायकलसकट पडाल." त्या रागावल्या नाहीत, आणि तेच मला बरं वाटलं नाही. दोन दिवस पटांगणावर आल्या नाहीत. कारखाना हलायला आठवडा उरला होता. तिसऱ्या दिवशी कामावरून आल्या आणि म्हणाल्या, "उद्या मालकीणबाईंना सांगून टाकते. पाठवा म्हणावं मशीन घरी." ह्यांनी जिंकल्यासारखा चेहरा केला नाही. हे उठून सायकल पुन्हा जिन्याखाली ठेवायला गेले आणि तशीच दारात उभी करून परत आले.

त्या संध्याकाळी मी देवापुढे बसले होते. मागायचं काय तेच कळत नव्हतं. सायकलचा ब्रेक देवाकडे मागायचा तरी कसा? पलीकडच्या खोलीत वन्सं हाताने माझ्या उशीचा अभ्रा शिवत होत्या. शिवण संपली, त्यांनी गाठ मारली आणि कात्री उचलून धागा कापला. कच्च. न बघता. बोटं आपोआप मिटली.

मी तशीच उठले. "वन्सं, मशीन थांबलं की पुढं काय करता?"

"काय करणार? धागा कापते."

"कुठल्या हाताने?"

"ह्याच. हे काय विचारणं झालं?" म्हणता म्हणता त्या थांबल्या. हातातल्या कात्रीकडे बघितलं. मग दारातल्या सायकलकडे. सायकलच्या मुठीखाली तो ब्रेकचा दांडा असतो ना, मूठ आणि दांडा, दोन पात्यांसारखे!

ते देवानेच सुचवलं असं मी म्हणते. वन्सं म्हणतात, "तुलाच सुचलं. त्याला कशाला कामाला लावतेस?"

दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही पटांगणावर. वन्सं फेरी मारता मारता मोठ्याने बोलत होत्या, "शिवण, शिवण, शिवण... आणि कात्री!" बोटं मिटली. सायकल थांबली. एकदम दाबला म्हणून पुढं कलंडल्या, पण पडल्या नाहीत.

"जाड कापड असल्यासारखं हळू कापा!" मी ओरडले.

"मला कापणं शिकवतेस?"

पण पुढच्या फेरीला हळूच कापलं. मग भिंतीपाशी कापलं, खांबापाशी कापलं, दुकान उघडायच्या आधी बघायला आलेल्या सायकलवाल्याच्या पायाच्या वीतभर अलीकडे कापलं. तो जागचा हलला नाही, हे त्याचं कौतुक. मालकीणबाईंना सांगायचं ते राहिलंच. पुढचे दिवस सकाळ-संध्याकाळ आधी गल्ली, मग बेकरीचा चौक, मग पूल. चौकात सिग्नल लाल झाला की त्या अजूनही पुटपुटायच्या, "कात्री." शेजारच्या मोटारीतले लोक वळून बघायचे.

नव्या जागी पहिला दिवस. अजून नीट फटफटलंही नव्हतं. मी म्हणाले, "पोचल्यावर फोन करा हं."

"पोचले तर कामाला लागेन. फोन कशाला करू?"

त्या गेल्या. हे झोपलेत असं मला वाटत होतं, तर खिडकीत उभे. सात वाजले. सव्वासात झाले. मी चहा दोनदा उतू घालवला. आणि फोन वाजला. मालकीणबाईंचा नंबर. ह्यांनी माझ्या हातातून फोन घेतला.

"अहो, तुमच्या ताईंना जरा समजवा," पलीकडून मालकीणबाई बोलत होत्या, इतक्या मोठ्याने की मलाही ऐकू येत होतं. "मी यायच्या आधीपासून फाटकावर वॉचमनशी भांडतायत. तो म्हणतो, आत फक्त मोटारी लावायच्या, सायकल रस्त्यावर ठेवा. ह्या म्हणतात, मला दोन चाकं आहेत म्हणून मी रस्त्यावर का? सगळ्या मुली ह्यांच्या बाजूने उभ्या आहेत, काम सुरू व्हायचं नाव नाही!"

हे म्हणाले, "मी लहानपणापासून समजवतोय. तुम्हीच सायकलला जागा द्या." फोन ठेवून ते हसले, मग चष्मा पुसत बसले. बराच वेळ पुसला. नंतर सायकलवाल्याला, दूधवाल्याला, दिसेल त्याला सांगत सुटले, "आमची ताई आता सायकलने कामावर जाते. पूल ओलांडून!" जसं काही सीट ह्यांनीच धरली होती.

आता फाटकाच्या आत, मोटारींच्या रांगेत, वन्संची सायकल उभी असते. पायमशीन नव्या जागीही खिडकीपाशीच लागलंय. नव्या मुलींतल्या दोघींनी सायकली घेतल्या, आणि त्यांना थांबायला कोण शिकवतं ते सांगायला नको. मोटारीच्या मशीनवरच्या मुली त्या. त्यांचा हात कुठं जात नाही, पाय मात्र दाबायला खाली जातो, कारण त्यांचं मशीन पायाखालच्या पट्टीवरच चालतं आणि थांबतं. वन्संना ते लांबूनच दिसतं. माझ्या ओळखीत ह्या वयात काही नवं शिकलेली बाई विचाराल तर मी एकच नाव सांगेन, आणि ते सांगताना माझी मान आपोआप ताठ होते.

रोज पहाटे त्या निघाल्या की मी आमच्या घराच्या फाटकाशी उभी राहते. देवाचं नाव घेत, त्या कोपऱ्यावर वळेपर्यंत. गेल्या आठवड्यात वळताना त्यांनी मागं बघितलं, मला हात करायला. हँडल हललं, समोरून दुधाची गाडी आली, करकचून ब्रेक लागला. गाडीचाही आणि सायकलचाही, देवाच्या कृपेने. वन्सं पाय टेकून उभ्या राहिल्या, मग गेल्या. मी तिथंच कडी धरून उभी.

काल सकाळी पिशवी मागच्या कॅरिअरला बांधता बांधता त्या म्हणाल्या, "अगं, एक मागू का तुझ्याकडे?"

"मागा की."

"उद्यापासून फाटकाशी उभी राहू नकोस. देवाचं नाव घ्यायचं तर आत बसून घे, त्याला तिथूनही ऐकू येतं. तू उभी असलीस की मला वळून बघितल्याशिवाय राहवत नाही. आणि तो कोपरा घेताना मला दोन्ही हात लागतात गं, दोन्ही डोळेही लागतात."