आत्याचं औक्षण

आमच्या दारव्ह्याच्या सुमनआत्याकडून ओवाळून घ्यायला चाळिशी उलटलेली माणसं चक्क घाबरायची. एरवी तिच्यासारखी मायाळू बाई नाही. पण ओवाळून झालं की ती निरांजन तोंडाजवळ आणून म्हणायची, ‘‘आ कर.’’ पेढा नंतर. आधी जीभ, गाल, हिरड्या. तिची नजर आत फिरत असेपर्यंत घर चिडीचूप.

तिचे यजमान खर्रा खायचे, सुपारी-तंबाखूचा. तोंडाच्या कॅन्सरनं गेले. तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, वय वाढतं तसा धोका वाढतो, चाळिशीनंतर जपा. तेवढं तिच्या मनात घट्ट बसलं. ‘‘वय झालं का कॅन्सर वास काढत येते,’’ ती म्हणायची. तरण्या पोरांना मात्र थेट पेढा. ‘‘तुमाले कायले पाहू? तुमचं काय वय झालं?’’

माझ्या पंचेचाळिसाव्या वाढदिवसाला निरांजन जरा जास्तच वेळ थांबलं. ‘‘काही नाही, दाढ किडली,’’ ती म्हणाली. सगळे हसले. मला हसू आलं नाही.

त्याच वर्षी तिच्या धाकट्याला, प्रशांतला, सव्वीस पूर्ण झाली. आत्यानं ओवाळलं, निरांजन ताम्हणात ठेवलं आणि पेढा पुढे केला. तो तोंडात जाईना. प्रशांतचं तोंड पुरतं उघडतच नव्हतं. तिनं चिमूट चिमूट भरवला. ‘‘लाजते माहा पोरगा,’’ ती आम्हाला कौतुकानं म्हणाली.

दिवाळीत त्याला साधं वरणही झोंबायला लागलं. यवतमाळला तपासणी झाली आणि कॅन्सर निघाला. कॉलेजपासून तोही चोरून खर्रा खात होता.

‘‘याचं तं वय नाही झालं, साहेब!’’ आत्या डॉक्टरांना म्हणाली. भांडल्यासारखीच.

‘‘वयाबरोबर जास्त दिसतो, मावशी. तरुणांना होतच नाही, असं नाही.’’

बाहेर बाकावर ती माझा हात धरून बसली. ‘‘मी वयच मोजत राह्यली रे. पोराचं तोंड नाही पाह्यलं.’’

नागपूरला ऑपरेशन झालं. जबड्याचा एक भाग काढला. प्रशांत वाचला. पण पुढची काही वर्षं लक्ष ठेवावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं.

परवा त्याचा वाढदिवस झाला. पाटावर तो गालाला रुमाल लावून बसला होता. आत्यानं ओवाळलं. वयाला जन्मभर भ्यालेली ती बाई त्याच्या डोक्यावर अक्षता टाकत म्हणाली, ‘‘म्हातारा हो, बाप्पा. खूप म्हातारा हो.’’

प्रशांतनं रुमाल काढला आणि उघडेल तेवढं तोंड तिच्यापुढे उघडलं. आत्यानं निरांजन त्याच्या तोंडाजवळ आणलं. तिनं डोळे मिटून घेतले.