मेलखाली लावलेला फ्लेक्स

आधी कबूल करून टाकते. ई-मेलच्या शेवटी जी सही असते ना, नाव, हुद्दा, फोन नंबर, ती मी वाशीमच्या बसस्टँडजवळच्या फ्लेक्सच्या दुकानातून करून आणली होती. वाढदिवसाचे बॅनर छापतात त्या दुकानातून. आणि नुसती आणली नाही, गिऱ्हाइकाला पाठवलीसुद्धा. तेव्हा मी पन्नाशी उलटलेली, घरात सून आलेली बाई होते. म्हणजे लहान होते, कळत नव्हतं, असं म्हणायचीही सोय नाही.

आता नातवंडं माझ्या खांद्याला लागली. थोडंफार शहाणपण आलं असा माझा समज आहे, तेव्हा त्या बाईला हसायला मी मोकळी आहे. बाई जळत होती. कुणाच्या बंगल्यावर नाही, दागिन्यावर नाही. धाकट्या जावेच्या चार ओळींवर.

आमचं गाव रिठदकडचं. गावातल्या आम्ही काही बायका मिळून हळद दळून विकायचो, बचत गट होता आमचा. मी अध्यक्ष, कारण मी थोरली. जाऊ सचिव, कारण तिला लिहिता यायचं, बी.ए. होती ती. अध्यक्षानं हार घालून घ्यायचे आणि सचिवानं कामं करायची, ही वाटणी मला अगदी मान्य होती. कुरकुर केली असेल तर जावेनं, आणि तीही कधी मला ऐकू आली नाही.

मग वाशीमला गटांचं प्रशिक्षण झालं. तिथल्या मॅडमनी व्यापाऱ्याला मेल कशी लिहायची ते शिकवलं. मी पंख्याखालची खुर्ची धरली होती आणि पुढच्या बाईच्या ब्लाउजच्या पाठीवरची नक्षी बघत होते. जाऊ लिहून घेत होती. घरी आल्यावर तिनं मोबाइल घेतला आणि चहा उकळेपर्यंत मेलखालची सही तयार करून ठेवली. सगळ्यात वर तिचं नाव, जरा ठसठशीत. त्याखाली ‘सचिव’. त्याखाली गट आणि गाव. शेवटी फोन नंबर. डावीकडे हळदीच्या रंगाची एक बारीक उभी रेघ. बस, संपलं. फोटो नाही, फुलं नाहीत, काही नाही.

गटाचं मेलचं खातं एकच, ते तिच्या मोबाइलवर उघडायचं तसं माझ्याही उघडायचं. मी तिची पाठवलेली मेल पाहिली आणि माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते दुखायला लागलं. ते नाव त्या रेघेला टेकून असं निवांत बसलं होतं, की मला बघवेना. बायका एकमेकींना दाखवत होत्या.

‘‘काय मस्त दिसून राह्यलं वं! एकदम हापिसावानी!’’

‘‘रंग पाय ना, आपल्या हळदीचाच हाय.’’

मी म्हटलं, ‘‘चांगलं हाय. पन जरा सुनं सुनं नाई वाटत?’’

कुणाला वाटलं नाही. त्या दिवशी मी जावेच्या भाजीत मीठ कमी आहे म्हणाले, तिच्या अंगणातली रांगोळी वाकडी आहे म्हणाले, आणि तिचा पोरगा वाळला आहे असंही म्हणाले. पोरगा चांगला गुटगुटीत होता.

पुढं पौष लागायच्या आधी जाऊ माहेरी, इंझोरीला गेली. माहेरी असली की ती आपणहून मेल उघडून बघायची नाही. आणि नेमकी तेव्हाच नागपूरच्या एका बाईंची मेल आली. त्यांचं दुकान होतं. संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला वाण म्हणून लुटायला हळदीची छोटी पाकिटं हवी होती त्यांना, आणि चांगली मोठी मागणी होती. जिल्ह्याबाहेरून कुणी आमची हळद मागायची ही पहिलीच वेळ. गटातल्या बायकांना सांगितलं तर त्या नाचायच्याच बाकी राहिल्या. ‘‘आता आपली हळद नागपूरले जाते!’’ म्हणत एकीनं तर माझी ओटी भरली.

जावेला एक फोन केला असता तर तिनं माहेरच्या ओसरीवर बसून उत्तर धाडलं असतं. पण मग त्या उत्तराखाली ती पिवळी रेघ आली असती. मी दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरली आणि वाशीम गाठलं.

फ्लेक्सवाला चाळिशीचा असेल, गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा. त्यानं विचारलं, ‘‘साइज सांगा मावशी. दहा बाय पाच का आठ बाय चार?’’

‘‘अरे, चौकात नाई लावाचं. मेलखाली लावाचं हाय.’’

‘‘म्हन्जे मोबाइलवर पाह्याचं. निवड झाली का वाढदिवस हाय?’’

‘‘दोन्ही नाई. सही हाय.’’

त्यानं क्षणभर विचार केला. ‘‘मंग अभिनंदनच धरतो.’’

मी हात जोडलेला, पैठणीतला फोटो नेला होता. माझ्यामागं त्यानं सूर्य उगववला. किरणं पार कडेपर्यंत गेली. एका बाजूला हळदीचं शेत, दुसऱ्या बाजूला ट्रॅक्टर. आमच्याकडं ट्रॅक्टर नव्हता. नावाच्या आधी त्यानं आपल्या मनानं ‘कर्तृत्ववान’ लावलं आणि मी नको म्हटलं नाही. मग मान तिरपी करून म्हणाला, ‘‘गळा सुना दिसून राह्यला मावशी. पोहेहार टाकू का?’’

‘‘टाक.’’

टाकला. माझ्या उभ्या आयुष्यात माझ्या गळ्यात पोहेहार पडला तो तेवढाच.

‘‘आता खाली शुभेच्छुक कोन कोन?’’

बॅनरवर खाली गोल गोल चेहऱ्यांची रांग असते, तुम्ही पाहिली असेल. कोण आहे, कोण नाही, कोण मोठ्या गोलात, कोण छोट्या, यावरून गावात वर्षवर्षभर बोलणं बंद होतं. मी गटाचा फोटो पुढं केला. तो एकेक चेहरा कापून घेऊ लागला. हिरव्या पातळाशी थांबला.

‘‘हे बाई?’’

‘‘तिले राहू दे. ते माहेरी गेली.’’

‘‘माहेरी गेल्यावर फोटोबी घेऊन जाते का मावशी?’’

मी म्हटलं, ‘‘तू तुह्या कामाचं पाय.’’

आज ते आठवलं की मला त्या बाईच्या, म्हणजे माझ्याच, पाठीत एक धपाटा घालावासा वाटतो. पण तेव्हा त्या रांगेतून एक हिरवं पातळ गळालं आणि मला जे गार वाटलं! पोटातलं दुखणं त्या घटकेला थांबलं. परतीच्या एसटीत मी मोबाइलवरचं ते चित्र सारखं उघडत होते आणि पोहेहार मोठा करून बघत होते.

घरी येऊन मेल लिहिली. एका बोटानं लिहायची तर जास्त लिहिता येत नाही. लिहिलं, ‘आमची हळद चांगली आहे. खाली पाहावे.’ आणि खाली ते सगळं लावून दिलं.

मग वाट पाहणं सुरू झालं. मोबाइल कमरेला खोचून फिरत होते. बायका विचारायच्या, ‘‘काय म्हंते नागपूरवाली?’’ मी म्हणायचे, ‘‘बोलनं चालू हाय.’’ बोलणं कशाचं? मोबाइल मुका. बायकांनी तोवर हळकुंडं निवडून, उन्हं देऊन तयार ठेवली होती. रोज कुणी ना कुणी यायची, मी रोज तेच सांगायचे. मेल उघडून बघायची छाती होईना. वाटायचं, उत्तर असेल तर फोनच येईल की.

जाऊ माहेराहून आली ती दुपारी. पिशवीतल्या मुगाच्या वड्या तिनं आधी माझ्या पुढ्यात ठेवल्या, मग ओसरीवर टेकून मोबाइल उघडला. बघते तो हसायलाच लागली. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

‘‘बाई, हे आइका.’’ आणि तिनं नागपूरच्या बाईंची त्याच सकाळी आलेली मेल मोठ्यानं वाचली. ‘आपण पाठवलेल्या चित्रावरील क्रमांकावर दोनदा फोन केला. तिथे मला बॅनरचे दर सांगण्यात आले आणि हळद मिळत नाही असे सांगितले. आपण हळद विकता की नाही, एवढेच कळवावे. उद्यापर्यंत कळले नाही तर दुसरीकडून घ्यावी लागेल.’

त्या चित्रात माझं नाव होतं, हुद्दा होता, सूर्य होता, ट्रॅक्टर होता. माझा नंबर नव्हता. नंबर होता तो कोपऱ्यात, बारीक अक्षरात, फ्लेक्सवाल्याचा. तो आपला नंबर प्रत्येक बॅनरवर टाकतो तसा याच्यावरही त्यानं टाकला होता, आणि मी पोहेहार बघत बसले होते.

ऑर्डर हातची गेली नाही, हे इथंच सांगून मोकळी होते, नाहीतर तुमचा जीव त्या हळकुंडांत अडकून राहील. पण त्या दुपारी ते काहीच ठरलेलं नव्हतं.

जाऊ अजून हसतच होती. ‘‘उद्यापावतो कळवा म्हंते. आताच फोन लावतो तिले,’’ म्हणाली आणि त्यांच्या पहिल्या मेलमधला नंबर बघायला वर सरकताना तिचं बोट चित्राखालच्या चेहऱ्यांवरून गेलं. एकेक गोल पुढं जात होता. शेवटच्या गोलापर्यंत बोट गेलं, परत पहिल्यापासून आलं. हसू कुठं गेलं मला कळलं नाही.

मी म्हटलं, ‘‘तू राह्यली वाटते चुकून. त्या दुकानवाल्यानं...’’

‘‘दुकानवाला मले कुठं वयखते?’’

मी वड्यांची पिशवी उगाच जवळ ओढली. तिनं त्या बाईंचा नंबर लावला, आणि मोबाइल कानाकडं नेताना हात मधेच थांबवून, माझ्याकडं न बघता म्हणाली:

‘‘बाई, लग्नपत्रिकेत तुमचं नाव वर, हळदी-कुंकवाले पयला मान तुमचा, गटाच्या पाटीवरबी तुमीच. त्या मेलखाली तेवढी मी एकटी होती. थेबी तुमाले काहून पाह्यजे होतं? आता घंटी वाजून राह्यली. पटकन सांगा, कोन बोलते म्हनून सांगू?’’