इंद्रजालाचा दाखला

मी धुळ्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. काही वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुट्टीत वनखात्यातून फोन आला. जप्त केलेला माल वनस्पती आहे की प्राणी, एवढं पाहून लेखी द्यायचं होतं. मी गेले.

टेबलावर वर्तमानपत्र पसरून काळ्या, पानं नसलेल्या फांद्या ठेवल्या होत्या. पंख्यासारखं चपटं झुडूप. आमच्याकडे त्याला इंद्रजाल म्हणतात. दारावर लावलं की घराला नजर लागत नाही, असं मानतात. ज्यांच्या दुकानात ते सापडलं, ते म्हातारे गृहस्थ भिंतीकडेच्या बाकावर बसले होते. माझ्या माहेरी, दोंडाईच्याला, स्टेशन रोडवर जडीबुटी विकणारे आबा. लहानपणी मला खोकला झाला की आई ज्येष्ठमध त्यांच्याकडूनच आणायची.

मी आलेली पाहून त्यांचा चेहरा मोकळा झाला. अधिकाऱ्यांकडे हात करून ते म्हणाले, "बरं झायं बेटा, तू उनी. यास्ले सांग, हाई झाड शे."

मी भिंग लावलं. फांदीभर बारीक काटे होते. गळून पडलेला एक तुकडा पेटत्या काडीवर धरला, तर लाकडाचा नाही, जळक्या केसांचा वास आला. काळं प्रवाळ. कायद्यात वाघाला जे संरक्षण आहे, तेच याला. तोडणं, विकणं, घरात ठेवणं, सगळाच गुन्हा.

"आबा, हे झाड नाही. समुद्रातल्या बारीक जिवांनी बांधलेलं आहे हे."

"मुळं देख ना."

"मुळं नाहीत ती. खडकाला धरून राहायची जागा."

"मी समुद्र देखा बी नही," ते म्हणाले. "सुरतकडला माणूस पोतामा भरीसन लयी ये."

मी दाखला लिहिला. दुसरं काही लिहिता येण्यासारखं नव्हतंच. सही झाल्यावर अधिकाऱ्यांना म्हणाले, "माझ्या आईच्या दारावरही असंच एक आहे, काचेच्या चौकटीत. यांच्याकडूनच घेतलेलं."

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "आणून जमा करा, मॅडम. बाकी राहू द्या."

मी राहू दिलं. आबांना त्या दिवशी कोठडीत नेलं आणि मी रिक्षाने घरी आले. आईच्या दारावरचं इंद्रजाल पुढच्या आठवड्यात पिशवीतून नेऊन दिलं, तेव्हा मला कुणी नावसुद्धा विचारलं नाही.

आबा जामिनावर सुटले. दुकान मात्र पुन्हा उघडलं नाही. कोर्टात माझी साक्ष झाली. साध्या माणसाला हा फरक ओळखता येईल का, असं त्यांच्या वकिलांनी विचारलं. मी नाही म्हणाले. त्याने त्यांचं किती भलं झालं, कोण जाणे. तारखा पडत राहिल्या आणि प्रत्येक तारखेला ते दोंडाईच्याहून एसटीने येत.

दिवाळीत मी त्यांच्या घरी गेले. बायकोने चहा दिला. खटल्याबद्दल कुणीच बोललं नाही. निघताना त्यांनी एकच विचारलं, "ते जित्तं व्हतं का?"

"हो, आबा."

ते मान खाली घालून बसून राहिले. मला वाटलं होतं, रागावतील. तसं झालं असतं तर बरं वाटलं असतं.

गेल्या हिवाळ्यात आबा गेले आणि त्यांच्यावरचा खटला बंद झाला. पोत्यातून माल आणणारा तो माणूस शेवटपर्यंत सापडला नाही.