‘निरंक’ लिहिलेलं घर

दुसऱ्याचं चांगलं काम बघून तुमचा कधी इतका जळफळाट झालाय का, की त्यापायी तिसऱ्याच माणसाला तळमळत पडावं लागलं?

माझा झालाय. दिग्रसजवळच्या एका तांड्यात मी स्वयंसेविका म्हणून जात होते. बरा न होणारा आजार घेऊन घरात पडलेली माणसं शोधायची आणि त्यांची नावं यादीत घालायची, एवढंच काम. यादीतल्या घरी एका मंगळवाराआड डॉक्टर आणि नर्सची गाडी येई. आजार जात नसे, पण औषधाने दुखणं उतरे, जखमेला स्वच्छ पट्टी मिळे, माणूस झोपू शके.

मी पत्रकांवर वाढलेली पोरगी. आमच्या घरी पाहुण्याला पाण्याआधी पत्रक मिळे. या कामासाठीही मी एक लिहिलं होतं: ‘वेदनेतून सुटका हा हक्क आहे, उपकार नाही.’ त्यातला शब्दन्‌शब्द मला आजही मान्य आहे. ते वाटत मी दारोदार फिरले. उंबऱ्याबाहेरूनच विचारलं, “घरात कोणी आजारी आहे का?” आणि फॉर्मवर ओळीने ‘निरंक’ लिहीत गेले. माझ्या यादीत दोन नावं जमली.

तांड्यातल्या आशाताईकडे, म्हणजे तिथल्या सरकारी आशा कार्यकर्तीकडे, नऊ होती. ती तिथलीच, पन्नाशीची, सातवी शिकलेली. माझं पत्रक तिने डाळीच्या डब्याखाली अंथरलं होतं. एक दिवस मी तिच्यासोबत निघाले, खरं तर तिची चूक पकडायला. ती गेली पिठाच्या गिरणीवर.

“काय गा, कोणाचं दळण बदललं?” तिने गिरणीवाल्याला विचारलं.

“त्या शेवटच्या घरचं. म्हातारी ज्वारी दोनदा दळून घेऊन राह्यली. म्हणे घाटा पातळ पाह्यजे.”

ताई माझ्याकडे वळली. “पाह्यलं पोरी? भाकर सोडून घाट्यावर कोण येते? ज्याचं तोंड उघडत नाही तो. तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन खाऊन. तू त्या घरी गेलती ना?”

गेले होते. सून दारातूनच “कोणी नाही” म्हणाली होती. आत साडीचा पडदा होता आणि पडद्याखालून बाजेचे पाय दिसत होते. मी पुढे विचारलं नव्हतं.

गिरणीवर उभी राहून, पदराचं पीठ झटकत, ही बाई दहावं नाव नेणार. माझ्या डोक्यात तेवढंच आलं.

“मी आत जाऊन पाहिलं ताई,” मी म्हणाले. “म्हातारीला दात नाहीत. घाटा तिच्यासाठीच आहे.”

“असं काय? बरं झालं, माह्यी एक चक्कर वाचली.” तिने लगेच विश्वास ठेवला. त्याचाही मला राग आला.

दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. गाडी आली आणि गेली.

त्यानंतर बाराव्या दिवशी म्हातारीच ताईच्या दारात आली. ताईने मला म्हातारीच्या घरी बोलावून घेतलं. पडद्यामागे बाजेवर म्हातारीचा नवरा होता, गालाला बांधलेला दुपट्टा भिजलेला. त्याला बोलता येत नव्हतं. ताई बाजेजवळ खाली बसली.

“याडी, माय, आधी काहून नाही सांगतलं वं?” तिने म्हातारीला विचारलं.

“दवाखान्यानं म्हटलं, घरी न्या, आता काही होत नाही. नाव सांगतलं तं पुन्हा यवतमाळले नेतीन, सुया टोचतीन, म्हणून सून नाही म्हणाली.” मग ती हळू बोलली, “त्या मंगळवारी गाडी आली तं मी दारात उभी होती. मले वाटलं, थांबते का. नाही थांबली.”

“ताई, मी आत गेलेच नव्हते,” मी म्हणाले. “खोटं बोलले.”

ताईने भिजलेल्या दुपट्ट्याची गाठ चाचपली. “रडाचं मंग. आधी ती पाण्याची तसली धर.”

मी ते पसरट भांडं धरलं. तिने दुपट्टा भिजवून भिजवून सोडवला. म्हाताऱ्याने तिचं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं, आणि लाज वाटते सांगायला, त्या क्षणीही वाटलं, तो हात माझ्या मनगटावर हवा होता.

दोन दिवसांनी गाडी थांबली. त्या रात्री तो झोपला. पण मधले दोन आठवडे त्याने जागून काढले, ते माझ्यामुळे.

तुमच्या ओळखीतल्या कोणाला दवाखान्याने ‘घरी न्या’ म्हणून परत पाठवलं असेल, तर आज त्या घरी जा. दारातून विचारू नका, आत जाऊन बसा. घरच्यांना सांगा की कोणी कुठे नेणार नाही, औषध घरी येईल. आणि ते हो म्हणाले की नाव आजच तुमच्या आशाताईला द्या.