पेशकारांचे मासे

निजामाच्या अमलात मी धाराशिवला एका कचेरीच्या ओसरीवर लोकांचे अर्ज लिहायला बसत असे. आतले पेशकार, म्हणजे अर्जांवर हुकूम लिहिणारे अंमलदार, अर्जदाराकडं मान वर करून बघत नसत. "बाहर ठहरो," एवढंच म्हणत, तेही हातातल्या टाकाशी बोलल्यासारखं.

त्यांच्या मेजावर काचेच्या मोठ्या बरणीत दोन तांबडे मासे होते. थंडी पडली की पेशकार बरणीला आपली शाल गुंडाळत, शेजारी शेगडी ठेवत आणि घडीघडी पाण्यात करंगळी बुडवून बघत. बाहेर माणसं कुडकुडत बसत. मला ते खटकायचं.

पौषातल्या एका सकाळी माकणी गावची एक म्हातारी आली. तिचा मुलगा हवालातीत होता. त्याला भेटू द्यावं, असा अर्ज मी लिहिला होता. ती दारातच थरथरत उभी राहिली आणि एकदम म्हणाली, "सायेब, शेगडी सरकवा. पाणी लई तापलंय. मासं वर याय लागलेत. आमी नदीकाठची, आमाला कळतंय."

पेशकारांनी करंगळी बुडवली, जरा वेळ तशीच ठेवली.

"हां, तापलंय खरं," म्हणत ते उठले आणि त्यांनी शेगडी तिच्या पायाशी नेऊन ठेवली. "बैठो, अम्मा."

तिचा अर्ज द्यायला मी लगोलग आत गेलो, तेव्हा सहज बोट बुडवून पाहिलं. पाणी जेमतेम कोमट होतं. पेशकारांनी माझ्याकडं एकदा पाहिलं, अर्ज ओढून घेतला आणि भेटीचा हुकूम लिहायला लागले.