दोन पाडवे

माझा पुढचा एक दात खोटा आहे. कुणी विचारलं तर मी सांगतो, पाडव्याला गेला. कुठल्या पाडव्याला, हे कुणी विचारत नाही, आणि सगळी भानगड तिथेच होती.

नवऱ्याने दुसऱ्यांदा हात उचलला तेव्हा माझी धाकटी बहीण पाच वर्षांच्या लेकीला घेऊन आमच्याकडे डहाणूला आली. नवरा तलासरीचा. कोर्टाने आधी समजुतीला बसवलं. ठरलं ते असं: पोरगी आईकडे, महिन्यातले दोन रविवार बापाकडे, दसरा आईकडे, पाडवा बापाकडे. सगळ्यांनी माना डोलावल्या. सर्वांत जोरात मी, कारण घरातला शिकलेला मीच. बहिणीला एकच धास्ती होती. तलासरीहून गुजरातची हद्द जवळ. एकदा पलीकडे नेली की पोरगी पुन्हा दिसायची नाही.

सतरा सालच्या दिवाळीत, पाडव्याच्या सकाळी, भावोजी दारात उभे. सोबत त्यांचा धाकटा भाऊ. मला वाटलं, बायकोकडून ओवाळून घ्यायला आले, संसार जुळतोय. मी फराळाचं ताट पुढे केलं.

"या भावोजी, चकली घ्या."

"चकली नको, भाऊ. पोरीला तयार करा. पाडवा माझा आहे."

बहीण स्वयंपाकघरातून बाहेर आली. "पाडवा चैत्रात. गुढीचा."

"तो तुमचा. आमच्याकडे पाडवा म्हणजे हाच. शेजारीपाजारी सगळे गुजराती, आमचं वर्ष आज लागतं."

"वर्ष लागू दे. पोरगी हाताला लागायची नाही."

त्यांनी पोरीचं मनगट धरलं. बहिणीने दुसरं धरलं. पुढचं मला तुटक आठवतं, कारण बराच वेळ मी जमिनीवर होतो. "अहो, बसून बोलू," म्हणत मी मध्ये शिरलो, तर त्या धाकट्याने माझ्याच हातातलं ताट हिसकून माझ्याच तोंडावर मारलं. दात आणि चकल्या एकदमच तुटल्या. मी रांगोळीत आडवा. तिथून मी त्याचे पाय घट्ट धरून ठेवले, असं मी सांगतो. तो मला लाथा घालत होता, असं माझी बायको सांगते.

वर बहिणीने चकलीचा पितळी सोऱ्या उचलला होता. एका हाताने लेकीला धरून तिने तो नवऱ्याच्या कपाळावर घातला. पुन्हा घातला. भुवईवरची कातडी फाटून लोंबायला लागली, रक्त डोळ्यात उतरलं, तरी त्यांनी मनगट सोडलं नाही. त्यांनी तिच्या पोटात लाथ मारली. ती वाकली, ओकली, पण तिनेही सोडलं नाही.

"सोड."

"तू सोड."

मग पोरीच्या कोपरात बारीकसं 'कट' झालं.

ती किंचाळली. बापाने धरलेला हात लोंबत राहिला. दोघांनी एकदम सोडलं आणि ती माझ्या अंगावर येऊन पडली.

दवाखान्यात डॉक्टरांनी कोपर हलकेच फिरवून बसवलं. "कोणी ओढला हात?"

पोरगी म्हणाली, "दोघांनी."

डॉक्टर म्हणाले, पोलिसांना कळवावं लागेल. बहीण म्हणाली, "कळवा. सोऱ्या मी मारला, तेही लिहा."

प्रकरण पुन्हा कोर्टात गेलं; निकाल लागेपर्यंत रविवारही बंद. या वेळी पाडव्यांची वाटणी झाली: कार्तिकातला बापाकडे, चैत्रातला आईकडे. आईबापाने समोरासमोर यायचं नाही; ने-आण मामाने करायची, आणि बापाकडे असेपर्यंत मामाने तिथेच बसायचं. म्हणजे घरातल्या सगळ्यांत भित्र्या माणसाला पहाऱ्यावर नेमलं.

पुढच्या दिवाळीत मी तिला स्कूटरवरून तलासरीला नेलं. दारात बापाने हात पुढे केला. तिने दोन्ही हात पाठीमागे लपवले. कपाळावर व्रण असलेला तो आडदांड माणूस हात खिशात घालून म्हणाला, "बरं. तू पुढे चल, मी मागून येतो."

दिवसभर मी पायरीवर बसून होतो. मला चकली विचारली. दाताचं निमित्त सांगून मी नको म्हटलं. हद्दीकडे जाणारी प्रत्येक गाडी मी उभं राहून पाहत होतो.

संध्याकाळी निघालो. "नीट धर," म्हटल्यावर तिने मागून माझा शर्ट दोन्ही मुठींत असा आवळला की कॉलर गळ्यात रुतली. डहाणूपर्यंत धड श्वास घेता येत नव्हता. सैल कर, असं काही मी म्हणालो नाही.